बॅटमनचा पोरसवदा साथीदार रॉबिन कॉमिक्समधून वाचायचाय? मग इथून सुरुवात करा
थेट 1940 पासून वाचायला बसू नका. तेव्हाचा रॉबिन मुख्यतः बॅटमनला बोलायला कुणीतरी हवं म्हणून आणलेला. नात्यातला पीळ पुढे येतो. आधी पहिला रॉबिन, डिक ग्रेसन घ्या. 1984 मध्ये तो नाइटविंग नावाचा स्वतंत्र हीरो होतो, गुरूच्या सावलीतून बाहेर पडतो. मग दुसरा रॉबिन, जेसन टॉड. 1988 मध्ये वाचकांनी फोनवर मतं देऊन त्याला मारलं, तेही अवघ्या 72 मतांच्या फरकानं! (मला हे अजूनही क्रूर वाटतं.) ते वाचलंत की पुढचा बॅटमन नव्या पोराला जवळ करायला का कचरतो, ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि ग्रीन ॲरो या दुसऱ्या हीरोचा असाच साथीदार, स्पीडी, सोडू नका. 1971 मध्ये तो हेरॉइनच्या आहारी जातो, आणि गुरू सावरायचं सोडून त्याला घराबाहेर काढतो.