तुमची गाडी, आमची उत्तरं : इंजिन जड का पळतं?

प्रश्न : माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी ७२ हजार किलोमीटर चालली आहे. ३,००० आरपीएमच्या पुढे इंजिन घोगरं होतं, रेस दिली तरी उचलत नाही. कसारा घाटात हे फार जाणवतं. गॅरेजवाले कोन फिल्टर आणि हलकं फ्लायव्हील सुचवतात. बसवावं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दोन्ही नको. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक, हलकं केल्याने ताकद वाढत नाही; न्यूट्रलमध्ये आरपीएमचा काटा झटकन चढतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरला थोडा फरक पडतो, इतकंच. बदल्यात आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथर येते आणि चढावर क्लच सोडताना गाडी बंद पडते. शिवाय त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. म्हणजे पैसे देऊन पिकअप घालवायचा.

आधी एअर फिल्टर पाहा. कागदी फिल्टर टायरवाल्याकडच्या हवेने झोडपू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. काळा पडला असेल तर सरळ नवा टाका.

मग स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी देणारा भाग. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच खोला. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे निघतात. खोलण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली माती हवेने उडवा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, ओलं तेलकट म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील खराब, इंजिन ऑइल आत येतंय. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटरमध्ये झिजतात. गॅप (टोकावरची फट) रुंदावतो, आणि भार आला की ठिणगी चुकते. उभ्या गाडीत रेस छान, घाटात मात्र अडखळते, अशी तक्रार असेल तर पहिला संशय प्लग आणि कॉइलवरच (प्लगला वीज देणारा भाग) घ्या. गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. आकडा मॅन्युअलमधलाच धरा. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश वळसा. जुनाच परत लावताना एवढा पिळू नका, वॉशर आधीच दबलेला असतो.

तरीही जड वाटलं तर इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतली ओढ मोजणारं मीटर, जोडा. इंजिन गरम, एसी बंद. समुद्रसपाटीला आयडलिंगवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) चांगलं मानतात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर आहे आणि दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होतो. त्यामुळे इथे १५ ते १९ दिसलं तरी इंजिन ठणठणीत. (मुंबईचा तक्ता लावून इथल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह खोलायला निघू नये.) आता रेस २,५०० वर धरा. काटा स्थिर न राहता हळूहळू घसरत गेला तर सायलेन्सरच्या बाजूला अडथळा आहे, बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग). ठिणगी चुकून न जळलेलं पेट्रोल त्यात गेलं की आतली जाळी वितळून बसते. म्हणूनच प्लगचं काम आधी. नाहीतर नवा कन्व्हर्टरही जाईल.

प्रश्न : थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, तेव्हापासून आयडलिंग १,२०० वर अडकलंय. काय बिघडलं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बहुतेक काहीच नाही. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी पाकळी बसवलेली नळी. कार्बनमुळे ती वाट अरुंद होत गेली तशी ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) पाकळी थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. आता वाट मोकळी, पण सवय जुनीच. गॅरेजच्या स्कॅनरवरून थ्रॉटल रीलर्न, म्हणजे ईसीयूची सवय नव्याने लावणं, करून घ्या. त्यानेही खाली आलं नाही तर बॉडीखालचा ओ-रिंग (रबरी कडं) वाकडा बसलाय का आणि एखादी व्हॅक्यूम नळी निखळून सूं आवाज येतोय का, ते बघा. पुढच्या वेळी मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी स्विच चालू असताना बोटाने ढकलू देऊ नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर मोडतात. स्क्रूड्रायव्हरने खरवडणंही नको. थ्रॉटल क्लीनर मऊ कापडावर मारून पुसायचं.