मक्यात जादा गुणसूत्रे आढळली, बियाणे टाकून द्यावे का?

प्रश्न: मक्याचे जुने स्थानिक वाण घरच्या बियाण्यावर राखतो. तपासणीत काही रोपांत २० ऐवजी २१-२२ गुणसूत्रे निघाली. काही पानांवर पांढरे पट्टेही आहेत. उत्पादन घटेल का? ही जादा गुणसूत्रे काढता येतात का?

उत्तर: बियाणे टाकू नका. ही बहुधा बी-गुणसूत्रे, म्हणजे नेहमीच्या संचाबाहेरची जादा गुणसूत्रे आहेत (इथे ‘बी’ म्हणजे इंग्रजी B अक्षर, बियाणे नव्हे). मक्याचे अभ्यासक रँडॉल्फ यांनी १९२८ मध्ये हे नाव दिले. नेहमीच्या २० गुणसूत्रांशिवाय मका जगत नाही, पण बी-गुणसूत्रावाचून त्याचे काहीच अडत नाही. दोन-चार असली तरी शेतात तसे रोप वेगळे ओळखू येत नाही. संख्या पंधराच्या पुढे गेली की मात्र परागकण वांझ होऊ लागतात आणि कणसे नीट भरत नाहीत.

उपयोग नसूनही ती टिकतात कशी, हे समजले की उपायही सापडतो. परागकणात दोन नर पेशी तयार होताना बी-गुणसूत्राच्या दोन्ही प्रती वेगळ्या न होता एकाच पेशीत जातात. दुसरी पेशी रिकामी राहते. पुढे एक नर पेशी अंड्याला मिळते, दुसरी भ्रूणपोष (दाण्यातला अन्नसाठा) घडवते. बी असलेली पेशी तीनपैकी सुमारे दोन वेळा अंडे गाठते. समजा, नर झाडात एकच बी-गुणसूत्र आहे आणि वाटेत ते हरवत नाही. मग १०० दाण्यांपैकी ५० दाण्यांना बी असलेला पराग मिळेल, त्यांतल्या सुमारे ३३ गर्भांत प्रत्येकी दोन बी जातील. म्हणजे एरवीच्या ५० बी-गुणसूत्रांच्या जागी ६६. ही सगळी चढ परागातून येते. मक्याच्या मादी बाजूला अशी चलाखी नाही.

म्हणून जादा गुणसूत्रे असलेल्या झाडांचे तुरे पराग सुटण्याआधीच काढा आणि त्यांच्या कणसांवर २० गुणसूत्रांच्या झाडांचाच पराग टाका. कणसाला केसर बाहेर येण्यापूर्वीच पिशवी बांधा, नाहीतर शेजारचा पराग येऊन सगळी मेहनत वाया जाते. मादीत एक बी असेल तर निम्मी किंवा त्याहून जास्त संतती स्वच्छ निघते. दोन असतील तर ती जोडी लावतात आणि बहुतेक संततीत एकेक जाते, त्यामुळे आणखी एक पिढी लागते. मोजक्याच कणसांवर वाण उभे करू नका, त्यातली विविधता जाईल; शंभराच्या आसपास झाडे ठेवा.

मोजणीसाठी अंकुरलेल्या बियांची १ ते १.५ सेंमी लांब मुळे बर्फाच्या पाण्यात २४ तास ठेवा. मग ३ भाग अल्कोहोल व १ भाग ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडच्या मिश्रणात आणखी २४ तास ठेवा. नंतर टोक अॅसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबा. थंड पाण्याची पायरी गाळली तर गुणसूत्रे एकमेकांवर पडतात आणि मोजणी चुकते. एकाच पेशीवर निर्णय नको, प्रत्येक रोपाच्या किमान ५ स्पष्ट पेशी मोजा.

पांढरे पट्टे मात्र आधी जस्ताची कमतरता समजून तपासा. कोवळ्या पानाच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे आणि कडा हिरव्या असतील, शिवाय अशी झाडे शेतात पट्ट्या-पट्ट्यांनी दिसत असतील, तर ती कमतरताच समजा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विझवलेला चुना मिसळून फवारा. बी-गुणसूत्रांमुळेही मक्यात पट्टे दिसल्याची नोंद आहे, पण त्यावर फवारणी चालत नाही.

प्रश्न: राय या गव्हासारख्या धान्यालाही हाच उपाय चालेल का?

उत्तर: नाही. रायमध्ये नेहमीची गुणसूत्रे १४ असतात आणि बी-गुणसूत्रे पराग व अंडाशय दोन्हीकडून संख्या वाढवतात, त्यामुळे मादी म्हणून वापरून सुटका होत नाही. तिथे रोप-रोप मोजून १४ वालीच निवडावी लागतात. रायमध्ये १, ३ अशी विषम संख्या २, ४ पेक्षा जास्त त्रासदायक ठरते, तेव्हा झाडे काढून टाकण्याचा क्रम तिथूनच लावा. ज्वारीच्या काही रानटी नातेवाईकांत तर मुळांतून बी-गुणसूत्रे गळून जातात. तिथे मुळांऐवजी कोवळे परागकोष तपासा.