खाली गेलेले थर

प्रिय,

पोस्टरं चिकटलेल्या जुन्या भिंतींवरून तू केलेल्या सहा अमूर्त चित्रांचे फोटो चार दिवस समोर मांडून ठेवले होते. पाचवं सोडलं तर सगळ्यांत एकच गोष्ट खटकत राहिली: भिंत दिसते, पण भिंतीवर काही घडून गेल्याचं जाणवत नाही. सुटलेला पोपडा तू बारीक ब्रशनं रंगवलास, त्याची सावलीसुद्धा. हात चांगला आहे, यात शंका नाही. पण अमूर्त चित्र करता करता भिंतीचं व्यक्तिचित्र होऊन बसलंय.

भिंत अशी का दिसते, ते आधी बघ. उन्हात राहिलेल्या छापील जाहिरातीतले गुलाबी-लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा मागे उरतो. म्हणून जुन्या पोस्टरवरचे चेहरे निळसर पडतात. गंज खिळ्याच्या खाली ओघळतो. ओल जमिनीतून वर चढते, पाणी सुकतं, क्षार मागे राहतात आणि तो लोणा रंगाला आतून ढकलून पाडतो. खळ सगळीकडे सारखी लागलेली नसते, म्हणून कागद कुठे सहज सोलून येतो, कुठे हटत नाही. प्रत्येक डागामागे कारण असतं. तुझ्या चित्रात ओघळ आडवा गेला तरी माझी हरकत नाही, पण कशानं तरी तो तसा जायला हवा.

आणि खरं सांगायचंय ते हे. भिंतीवरचं एकही पोस्टर खालचा थर व्हायचं म्हणून कुणी लावलेलं नसतं. ज्यानं लावलं त्याला ते वाचलं जायला हवं होतं. म्हणून ते झाकलं गेलं, फाटलं, की त्याचा उरलेला तुकडा इतका बोलतो. तुझे खालचे थर मात्र नुसती तयारी वाटतात. झाकायचेच आहेत म्हणून घाईनं मारलेले. प्रत्येक थर हेच शेवटचं चित्र आहे असं समजून पुरं कर. आवडू दे तुला तो. मग त्यावर दुसरा चढव. खरवडताना हाताला जे जड जाईल, तेच पुढे चित्रात दिसेल.

या वाटेवर आधी बरेच चालून गेलेत. पॅरिसमध्ये रेमों अँस आणि जाक विल्ग्ले यांनी १९४९ पासून रस्त्यावरची फाटकी पोस्टरं उचलून तीच चित्र म्हणून मांडली. विल्ग्लेच्या लेखी फाडणारे अनामिक हातच खरे कर्ते होते. रोममध्ये मिम्मो रोतेल्ला पोस्टरं कॅनव्हासवर चिकटवून स्वतःही फाडायचा. बार्सिलोनाचा आंतोनी तापिएस रंगात संगमरवराची भुकटी कालवून त्यावर ओरखडायचा; गंमत म्हणजे त्याच्या आडनावाचा कातालान भाषेतला अर्थच ‘भिंती’. लॉस एंजलिसचा मार्क ब्रॅडफर्ड वस्तीतली जाहिरात-पत्रकं थरावर थर चिकटवतो आणि सँडरनं, म्हणजे घासायच्या यंत्रानं, घासून खालचे थर उघडे करतो. मला तापिएस सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यानं भिंतीचं रूप न घेता तिचं वजन घेतलं. तू कुणाच्या जवळ आहेस, हे तुला हातानंच कळेल.

अक्षरांचं जपून. चित्रात एक शब्द जरी पूर्ण वाचता आला, तरी डोळा आधी तिकडे धावतो आणि रंग मागे पडतो. तुझ्या दुसऱ्या चित्रात नेमकं हेच झालंय. अक्षर अर्ध्यावर फाड, त्याचं वळण तेवढं राहू दे.

सामानाबद्दल थोडक्यात. खळीला बुरशी आणि किडे लागतात, त्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे ॲक्रिलिक रंगातलं चिकट, बिनरंगी माध्यम, वापर. स्वस्त कागद पिवळा पडणारच. ते नको असेल तर चांगल्या कागदावर छाप. घासताना पाणी लावून घास, मास्क घाल. जुन्या भिंतीचे पोपडे मात्र घरी आणून खरवडू नकोस, जुन्या रंगात शिसं असू शकतं. आणि ज्या कार्यक्रमाची तारीख अजून यायची आहे, त्याचं पोस्टर भिंतीवरच राहू दे.

पाचव्या चित्रात उजवीकडे खाली तू एक करडा तुकडा सोलायला घेतलास आणि मध्येच सोडून दिलास. का थांबावंसं वाटलं, ते मला लिहून कळव. पुढचे फोटो समोरून प्रकाश टाकून काढू नकोस. चित्र खिडकीच्या बाजूला धर, उजेड त्यावर कडेनं तिरपा येऊ दे. थरांची जाडी मला बघायची आहे.