जिनिंगमधल्या कामगारांत एकोपा यावा म्हणून टीम बिल्डिंगचे खेळ घेतले तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, काट्यावर कापूस तोलून घेणारी माणसं आणि आत जिन-प्रेसच्या मशीनवरची माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि मालक म्हणतात सगळ्यांना एक दिवस रिसॉर्टवर नेऊन खेळ घ्या. मीही हिंगणघाटकडे एका जिनिंगचं काम बघतो. फरक पडतो, पण कोणतं काम कोणाला कोणासोबत करायला लावता, त्यावर सगळं अवलंबून आहे.

काटा विरुद्ध प्रेस अशी रस्सीखेच तेवढी लावू नका. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने एका शिबिरात मुलांचे दोन गट पाडले होते. सामने लावले तसं त्यांच्यातलं वैर वाढत गेलं. एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर निवळायला लागलं ते शिबिराचं पाणी बंद पडून दोघांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा, आणि बंद पडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून दोरीने ओढला तेव्हा. दोरी तीच होती, रस्सीखेचीची. या अडचणी शेरीफनेच मुद्दाम उभ्या केल्या होत्या.

आपल्याला अशी अडचण शोधायला लांब जायला नको. जिनिंगमध्ये आगीची भीती सगळ्यांनाच सारखी असते. कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला, जिनमध्ये ठिणगी पडली, की हवेच्या पाइपातून ती पार दुसऱ्या टोकाला जाते. म्हणून माझा आग्रह आहे, सीझन सुरू व्हायच्या आधी आगीची रंगीत तालीम घ्या आणि तिच्यासाठी चार-पाच जणांच्या मिसळलेल्या तुकड्या करा: एक काट्यावरचा, एक जिनवरचा, एक प्रेसवरचा, कचरा वेचणाऱ्या बायांपैकी एक. शिट्टी वाजली की एकाने मेन स्विच पाडायचा आणि पंखे बंद करायचे, दुसऱ्याने होज उलगडायचा, तिसरीने बायांना मोजून फाटकाबाहेर न्यायचं, चौथ्याने अंगणातल्या कास्तकारांच्या गाड्या हलवायच्या. वीज बंद झाली हे ओरडून कळवल्याशिवाय पाणी मारायचं नाही. म्हणजे होजवाल्याला स्विचवाल्याची हाक ऐकावीच लागते, मग त्या दोघांचं एरवी पटत असो की नसो. पुढच्या वेळी कामं बदला. तालीम झाली की तिथंच उभ्या उभ्या विचारा, कोण कुठे अडलं. मालक आणि तुम्ही शेवटी बोला. आधी बोललात तर बाकीचे गप्प बसतील.

दुसरं म्हणजे जागांची अदलाबदल. आपल्याकडे निम्मी भांडणं ओल्या कापसाची असतात. आतला माणूस म्हणतो, ग्रेडरने, म्हणजे काट्यावर मालाची प्रत बघणाऱ्याने, डोळे मिटून माल घेतला. त्याला एक सकाळ ग्रेडरजवळ उभं करा. ओलावा मोजायचं यंत्र त्याच्या हातात द्या. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला तर भावात कपात आणि १२ च्या वर माल परत, हा हिशोब पहाटेपासून रांगेत थांबलेल्या कास्तकाराला तोंडावर सांगणं किती जड जातं, ते त्याला बघू द्या. मग ग्रेडरला आत न्या. त्याने पास केलेली ओली गाडी जिनवर चालताना रुई कशी निघते आणि मशीनवरच्या माणसाचा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते त्याने स्वतः पाहावं. याने जेवढं मन बदलतं तेवढं कोणत्याही खेळाने बदललेलं मी पाहिलेलं नाही.

जेवण ठेवायचंच असेल तर रोडग्यांचं ठेवा, पण आचारी बोलावू नका. कोणी गोवऱ्या रचेल, कोणी कणीक मळेल, कोणी वांगे चिरेल, कोणी राखेतून रोडगे काढून झटकेल. कामाच्या जोड्या तुम्ही लावून द्या, नाहीतर रोजचेच घोळके बसतात. आणि मालकांनी वाढावं.

एक गोष्ट मात्र मालकांना आधीच स्पष्ट सांगा. ओव्हरटाइमचे पैसे थकले असतील, किंवा एका पाळीला चहा आणि दुसरीला नाही असं चालत असेल, तर आधी ते मिटवा. त्यावर खेळाचं पांघरूण घातलं तर माणसं जास्त चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. तसंच या सगळ्याला कामाच्याच वेळात वेळ द्या आणि त्या दिवसाची रोजी कापू नका. रोजंदारीच्या बाईला रविवारी फुकट बोलावणं अन्यायच आहे. तिला अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल, हेही बघा.

दिवाळीनंतर आवक वाढली की कोणाला मान वर करायला फुरसत मिळत नाही, तेव्हा पहिली तालीम दसऱ्याच्या आधीच उरका. रिसॉर्टसाठी काढलेल्या पैशातून आधी होज, वाळूच्या बादल्या आणि आग विझवायची सिलिंडरं तपासून घ्या, आणि उरलेल्यात रोडगे करा.