वडिलांच्या हृदयाची लय अनियमित आहे. स्ट्रोक टाळण्यासाठी हृदयात उपकरण बसवले, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कायमच्या बंद होतात का?

रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आपल्या वडिलांना दोनदा पोटात रक्तस्राव झाला आणि म्हणून डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला, असे आपण लिहिले आहे. अशा प्रक्रियांच्या वेळी अन्ननलिकेतून करायची इको तपासणी मी करतो. ती गोळी बहुतेक रुग्णांची बंद होते, पण त्याच दिवशी नाही, आणि तिच्या जागी दुसरी औषधे काही काळ घ्यावीच लागतात.

एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित लयीच्या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. तिच्यात रक्त साचते आणि गुठळी धरते. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत या कप्प्यातल्या सुमारे 90 टक्के गुठळ्या याच पिशवीत आढळल्या आहेत. इकोच्या पडद्यावर वाहते रक्त काळे दिसते, साचलेले मात्र धुरासारखे हळूहळू घुमत राहते. आम्हीही त्याला 'स्मोक'च म्हणतो. प्रत्यक्ष गुठळी दिसली, तर प्रक्रिया सहसा पुढे ढकलली जाते, कारण नळीचा धक्का लागून ती मेंदूकडे जाऊ शकते.

वॉचमन किंवा अॅम्युलेट यांसारखे उपकरण म्हणजे निटिनॉल धातूची, कापड लावलेली जाळी. जांघेतील शिरेतून नळी वर नेतात, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा भेदून ती डावीकडे आणतात आणि पिशवीच्या तोंडाशी जाळी उघडून ते बंद करतात. सोडण्यापूर्वी डॉक्टर ती हलकेच ओढून पाहतात. जाळी जागची न सुटता हृदयाच्या भिंतीसकट हलली, तर पकड पक्की. मनासारखी बसली नाही, तर तोवर ती परत नळीत घेता येते.

वॉचमननंतरच्या औषधांच्या मूळ वेळापत्रकात 45 दिवस वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) व अॅस्पिरिन, मग इको पाहून 6 महिन्यांपर्यंत अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल आणि पुढे केवळ अॅस्पिरिन असे होते. रक्तस्राव झालेल्यांना अनेक डॉक्टर वॉरफरिन वगळून थेट अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्यांवर ठेवतात. पण त्यांनीही पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे आपल्या बाबतीत स्पष्ट विचारून घ्यावे.

उपकरणाने लय सुधारत नाही, त्यामुळे ठोक्यांची औषधे चालूच राहतात. मानेच्या धमनीतून किंवा रक्तदाबामुळे येणारा पक्षाघातही त्याने टळत नाही. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना आणि कृत्रिम धातूची झडप असलेल्यांना हा पर्याय लागू नाही.

वॉचमनच्या दोन मुख्य चाचण्यांत पाच वर्षांअखेर एकूण स्ट्रोकचे प्रमाण वॉरफरिनइतकेच राहिले. मेंदूतील रक्तस्राव मात्र बराच कमी झाला. म्हणून ज्यांना गोळी सोसते, त्यांनी केवळ कंटाळून हे करावे असे मला वाटत नाही. आपल्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे. तरीही हृदयाभोवती रक्त साचणे, उपकरण सरकणे, कडेने गळती राहणे, असे धोके आहेतच. त्यामुळे संबंधित डॉक्टरांनी अशा किती प्रक्रिया केल्या आहेत, हे विचारण्यात संकोच नसावा.

आणि साधारण दीड महिन्यानंतरची इको चुकवू नका. क्वचित उपकरणावरच गुठळी धरते आणि तिचे कोणतेही लक्षण रुग्णाला जाणवत नाही.