अमेरिकेतल्या एका अँटिक दुकानात काचेवरचं जुनं सिल्हूट (सावलीसारखं नुसतं काळं चित्र) कॅलेंडर मिळतंय, चित्रात कलिंगड खाणारा काळा मुलगा आहे. घ्यावं का?

फुगीर काच, आतल्या बाजूने काळ्या रंगात चित्र, मागे फिकट देखाव्याचा कागद, खाली थर्मामीटर आणि दुकानाचं नाव, असंच आहे ना? १९३०-४० च्या दशकात तिकडचे दुकानदार गिऱ्हाइकांना हे फुकट वाटायचे, आपल्याकडे सराफ कॅलेंडर देतात तसं. मी मिशिगनमध्ये असतो आणि हीच जमवतो, इथल्याच बेंटन हार्बर गावच्या बेंटन ग्लास या कंपनीची बरीच सापडतात.

आता मुद्द्याचं. सिल्हूटमध्ये सगळेच काळे असतात. घेरदार झग्यातली बाई काळी, तिच्यापुढे वाकलेला हॅटवाला पण काळाच, तरी बघणारा त्यांना गोरंच धरून चालतो. मग हा मुलगा आफ्रिकन-अमेरिकन आहे हे दाखवायचं कसं, तर चित्रकाराच्या हातात फक्त बाहेरची रेघ, म्हणून ओठ जाड, डोक्यावर उभ्या शेंड्या, पाय अनवाणी आणि हातात ती फोड. म्हणजे पोरगा काढलेलाच नाही, नुसत्या खुणा चिकटवल्यात. आणि कलिंगडच का, तर गुलामगिरी संपल्यावर सुटलेले लोक स्वतः कलिंगडं पिकवून विकायला लागले, चार पैसे कमवायला लागले, ते गोऱ्यांना खुपलं आणि त्याचीच टिंगल सुरू झाली.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), सिल्हूटं काढण्यात एक काळा माणूसच तरबेज होता: फिलाडेल्फियात चित्रकार चार्ल्स विल्सन पील याच्या म्युझियममध्ये १८०० नंतर लोकांची सिल्हूटं कागदात कापून द्यायचा तो मोझेस विल्यम्स, आधी पीलच्याच घरचा गुलाम, मग मुक्त झालेला. पहिल्याच वर्षात त्याने ८ हजारांवर चेहरे कापले.

घ्यायला माझी ना नाही, फोडून टाकण्यापेक्षा बरं. पण दिवाणखान्यात शोभेला लावू नका, आलेल्या काळ्या पाहुण्याला तुम्ही काय समजावणार? माझ्याकडची असली चित्रं कपाटात आहेत, कोणी विचारलं की काढून दाखवतो. नकोसं झालं तर बिग रॅपिड्सला फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत जिम क्रो म्युझियम आहे (जिम क्रो म्हणजे तिकडच्या जुन्या वर्णभेदी कायद्यांचं नाव), तिथे असल्याच वस्तू दाखवून वर्णद्वेष शिकवतात, त्यांना विचारा. आणि एवढ्यात निघालेल्या नकला भरपूर आहेत हो, कॅलेंडरच्या पानांवरचं साल आणि मागचा पुठ्ठा बघूनच पैसे द्या. घेतलंत तर काच आतून ओल्या फडक्याने पुसू नका, रंग फडक्यालाच येतो.