टोपलीचे झाकण उघडण्याआधी: हाँगकाँगमधल्या डिमसमविषयी वाचकांचे प्रश्न

हाँगकाँगला कामासाठी, सहलीला किंवा मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी डिमसमविषयी, म्हणजे बहुधा बांबूच्या छोट्या टोपल्यांत वाफवून येणाऱ्या चिनी पदार्थांविषयी, बरीच पत्रे पाठवली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: हाँगकाँगमध्ये चार दिवस मुक्काम आहे. ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्या ढीगभर सापडतात, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. चांगले ठिकाण शोधायचे कसे? (वाचक, ठाणे)

यादी उघडण्याआधी घड्याळ बघा. डिमसम हा चहाबरोबर सकाळी-दुपारी खायचा प्रकार आहे. जुनी चहाघरे सकाळी लवकर उघडतात. मोठ्या हॉटेलांतली चिनी रेस्टॉरंट बहुधा 11.30 ते 2.30 एवढ्याच वेळात डिमसम देतात आणि रात्री तिथेच वेगळे मेन्यूकार्ड हातात पडते. पर्यटकांची सर्वांत जास्त निराशा इथेच होते: नाव ऐकून संध्याकाळी 7 ला पोचायचे आणि उरल्यासुरल्या चार प्रकारांवर भागवायचे. दिवसभर डिमसम देणारी छोटी दुकाने आहेत, त्यांतली काही उत्तमही आहेत. तरीही सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळात टोपल्या भराभर खपतात, त्यामुळे वाफवलेले काही पडून राहत नाही. शनिवार-रविवारी मात्र 11 पासून घरेच्या घरे आजी-आजोबांसह येऊन बसतात. त्या दिवशी 10 च्या आत जा, नाहीतर 2 नंतर. 2 नंतर पुष्कळ ठिकाणी दरही उतरतात. चिनी नववर्षाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेक छोटी दुकाने बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

वेळ ठरली की भाग ठरवा. च्यिम शा चुईच्या मॉलमध्ये हिंडण्यापेक्षा शाम शुई पो, मोंग कॉक, नॉर्थ पॉइंट, केनेडी टाउन अशा वस्तीच्या भागांत शोधा. तिथे रोज येणारे गिऱ्हाईक असते आणि ते हार गाउची (कोळंबी भरलेल्या, वाफवलेल्या पदार्थाची) पारी जाड झाली तर लगेच बोलून दाखवते. शोधासाठी ओपनराईस हे स्थानिक लोकांचे ॲप वापरा. त्यावर हसरा, मध्यम आणि रडका चेहरा अशी मते दिसतात. एकूण गुणांवर जाऊ नका. गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय काढा, चिनीत असतील तर भाषांतर करून घ्या आणि कोणत्या पदार्थाचे नाव पुन्हा पुन्हा येते ते टिपा. एका दुकानाचे सगळेच चांगले, असे क्वचित असते. एकाची चेउंग फन (तांदळाच्या घोळाची वाफवलेली गुंडाळी) चांगली, दुसऱ्याचे बाउ (सारण भरलेले मऊ पाव) चांगले.

यादीची तारीखही तपासा. ॲबर्डीनच्या बंदरातले तरंगते जंबो रेस्टॉरंट 2020 मध्ये बंद झाले आणि 2022 मध्ये ओढून नेताना समुद्रात उलटले, तरी जुन्या याद्यांत ते अजून दिसते. वेलिंग्टन स्ट्रीटवरचे लिन हेउंग चहाघर 2022 मध्ये बंद झाले आणि 2024 मध्ये पुन्हा उघडले. म्हणून निघण्याआधी फोन करणे किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षातून करवून घेणे केव्हाही बरे.

प्रश्न: ढकलगाडीवरून टोपल्या फिरवणारी जुन्या पद्धतीची जागा बघायची आहे. तिथली चव खरेच चांगली असते का? (वाचक, कोल्हापूर)

बघण्यासाठी जरूर जा. सेंट्रलमधल्या सिटी हॉलच्या ‘लो ब्लॉक’ या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे मॅक्सिम्स पॅलेस हे त्यासाठी सोपे ठिकाण: दालन मोठे, खिडकीतून बंदर दिसते, गाड्यांवर पदार्थांची नावे असतात. लिन हेउंगमध्ये अनोळखी माणसांच्या टेबलावर रिकामी जागा दिसली की बसायचे, गाडी स्वयंपाकघरातून बाहेर आली की आपल्या हिशेबाचे कार्ड घेऊन स्वतः उठायचे, टोपली घेऊन कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. लाजून बसून राहिलात तर उपाशी राहाल.

चवीचे उत्तर पदार्थागणिक वेगळे आहे. गाडीवरची टोपली वाफेवर झाकून ठेवलेली असते, म्हणजे पदार्थ शिजतच राहतो. सिउ माय (डुकराचे मांस आणि कोळंबी भरलेल्या, वरून उघड्या पुरचुंड्या), काळ्या सोयाबीनच्या मसाल्यातले कोंबडीचे पंजे, डुकराच्या बरगड्यांचे तुकडे, कमळाच्या पानातला चिकट भात (लो माय गाय) यांना दहा-पंधरा मिनिटांनी काही होत नाही. हार गाउ आणि चेउंग फन यांचे मात्र वाटोळे होते: जास्त वाफेने पारी चिकट होऊन फाटते आणि निवली की रबरासारखी ताठरते. म्हणून हे दोन प्रकार गाडीवरून घेऊ नयेत, ऑर्डर दिल्यावर वाफवून देणाऱ्या दुकानात खावेत. गाडीवाल्या जागी बसायचे असेल तर स्वयंपाकघराच्या दाराजवळचे टेबल मागा आणि घेण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. वाफेचा लोट उठला नाही तर हात हलवून नको म्हणा. त्यात कोणाला वाईट वाटत नाही.

प्रश्न: माल ताजा, तिथेच केलेला आहे की कारखान्यातून गोठवून आणलेला, हे खाणाऱ्याला कसे कळावे? (वाचक, पुणे)

पहिल्या फेरीत फक्त तीन टोपल्या मागवा: हार गाउ, सिउ माय आणि ‘चार सिउ’ बाउ (भाजलेल्या डुकराच्या मांसाचा बाउ; ‘चार’ हा नावाचाच भाग, संख्या नव्हे). एवढ्यावर स्वयंपाकघराची पारख होते. बाकीची ऑर्डर त्यानंतर.

हार गाउ म्हणजे कोळंबीचे सारण भरलेली पारदर्शक पारी. गव्हाच्या पिठातले ग्लुटेन धुऊन काढल्यावर जे स्टार्च उरते ते घ्यायचे, त्यात थोडे टॅपिओकाचे स्टार्च मिसळायचे आणि वर खळखळते पाणी ओतून मळायचे. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला हे लगेच समजेल. पाणी नीट उकळते नसेल तर स्टार्च कच्चे राहते, पारी पांढुरकी दिसते आणि कडेला चिरते. गोळी तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याखाली दाबून फिरवली की पातळ चकती तयार होते, मग एकाच बाजूला चुण्या घालून तोंड बंद करतात. सात-आठपेक्षा कमी चुण्या असतील तर हात घाईचा किंवा शिकाऊ समजावा. जोरदार वाफेवर पाच-सहा मिनिटे पुरतात. चांगली हार गाउ चॉपस्टिकने उचलताना खालच्या कागदाला चिकटत नाही, फाटत नाही, आतला गुलाबी रंग बाहेरून दिसतो. दाताखाली कोळंबी कुरकुरली पाहिजे. त्यासाठी सोललेली कोळंबी मीठ, स्टार्च आणि थोडा सोडा लावून चोळतात, वाहत्या थंड पाण्यात बराच वेळ धुतात, कोरडी करतात आणि थंड करून मगच सारणात घालतात. धुणे उरकले तर सोड्याची साबणासारखी चव मागे राहते. कोळंबी भुसभुशीत लागली तर ती बहुधा पुन्हा पुन्हा गोठवलेली आहे.

सिउ मायमध्ये डुकराचे मांस आणि कोळंबी यांचे हाताने कापलेले तुकडे वेगवेगळे दिसायला हवेत. एकजीव, गुळगुळीत, चेंडूसारखे उसळणारे सारण म्हणजे यंत्रातला लगदा. वाफवलेला चार सिउ बाउ वरून तीन फाकांत उमललेला असतो. हे उमलणे सोडा-पावडरीच्या जोरावर आणि ऐन वेळी मिळालेल्या कडक वाफेवर होते. वाफ मंद पडली तर बाउ बंद राहतो, वर पिवळे डाग दिसले तर पावडर नीट मिसळलेली नाही आणि चावल्यावर नाकात झोंबणारा वास आला तर अमोनियाचा अंश उडून गेलेला नाही. असा बाउ परत करावा.

चेउंग फन ही तांदळाच्या पातळ घोळाची वाफवलेली गुंडाळी. तिच्यात एकच बघायचे: आतले सारण पारीतून दिसते का. जाड आणि ओलसर असेल तर घोळ जास्त ओतलेला आहे.

दुकानावरही नजर टाका. छोटेसे स्वयंपाकघर, कार्डावर सत्तर-ऐंशी प्रकार आणि पाच मिनिटांत सगळे टेबलावर, हे गणित ताज्या मालाने सुटत नाही. ऑर्डरनंतर वाफवणाऱ्या ठिकाणी पहिली टोपली यायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती वाट बघण्यासारखी असते.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. दोन वेळा ‘व्हेजिटेबल’ म्हणून मागवलेल्या पदार्थात मांस निघाले. काय करावे? काही मंडळी मांसाहारी आहेत, पण डुक्कर आणि गोमांस खात नाहीत. (वाचक, नागपूर)

साध्या डिमसम रेस्टॉरंटात शाकाहारी माणसाने विश्वास ठेवू नये, असे स्पष्टच सांगतो. मुळ्याची वडी (लो बाक गो) नावाला मुळ्याची, आत चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. स्प्रिंग रोलमध्ये मांसाचे काप, अळकुडीसारख्या कंदाच्या तळलेल्या वू गोकमध्ये डुकराचे सारण, उकडलेल्या पालेभाजीवर शिंपल्याचा सॉस, एग टार्टच्या पापुद्र्यांत अनेकदा चरबी. गोड तरी निर्धोक म्हणावे, तर मँगो पुडिंगमध्ये जिलेटिन असते. तिळाच्या तळलेल्या गोळ्यांतल्या सारणातही चरबी असू शकते. त्यातल्या त्यात बिनसारणाची चेउंग फन चालते, पण वर सोया सॉसऐवजी तिळाचा आणि शेंगदाण्याचा सॉस मागा. सोयाच्या दुधाचे गरम, मऊ ताउ फू फा हेही घेता येईल.

खरा मार्ग बौद्ध शाकाहारी ठिकाणांचा. डायमंड हिल स्थानकाजवळच्या नान लियान बागेत चि लिन भिक्षुणीविहाराचे शाकाहारी रेस्टॉरंट धबधब्यामागे आहे. ॲडमिरल्टीजवळच्या हाँगकाँग पार्कात, फ्लॅगस्टाफ हाउस या चहाच्या भांड्यांच्या संग्रहालयाला लागून लॉक चा चहाघर आहे, तिथे शाकाहारी डिमसम आणि निवडक चहा मिळतो. बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही टाळतात. जैन वाचकांनी मात्र कंद आणि अळिंब्यांविषयी वेगळे विचारावे, कारण मुळा, रताळी, मशरूम यांवरच ही पाकपद्धती उभी आहे.

डुक्कर टाळणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की कोळंबीच्या हार गाउमध्येही रसदारपणासाठी डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालायची रीत आहे. त्यांच्यासाठी वान चायमधल्या अमार मशिदीच्या इमारतीतले इस्लामिक सेंटरचे कँटीन सोयीचे. पाचव्या मजल्यावर दुपारी हलाल डिमसम मिळते आणि गर्दी बरीच असते. तिथे गोमांसाचे पदार्थ असतात, तेवढे विचारून घ्या.

प्रश्न: चौघांसाठी किती मागवावे? बिलात न मागितलेल्या गोष्टी का येतात? (वाचक, नाशिक)

माणशी तीन टोपल्या धरा, चौघांना बारा. हार गाउ आणि सिउ माय यांचे बहुधा चार-चार नग येतात, बाउ तीन. चौघे असताना बाउ मागवला तर एकाचे काय, हे आधी ठरवा. लो माय गाय पोट भरणारे, एकच पुरे आणि तेही शेवटी. वाफवलेले आधी, तळलेले नंतर, गोड शेवटी. सगळे एकदम मागवलेत तर टेबल भरते आणि निम्म्या टोपल्या निवतात.

ऑर्डरच्या कागदावर छोटे, मध्यम, मोठे, विशेष असे गट असतात आणि दर पदार्थाला नसून गटाला असतो. वस्तीतल्या दुकानांत एक टोपली साधारण 25 ते 45 हाँगकाँग डॉलर, बड्या हॉटेलांत याच्या दुप्पट-तिप्पट. एक डॉलर सुमारे 11 रुपयांचा धरा. चहा माणशी आकारतात, तो प्यालात की नाही हा प्रश्न नसतो. बसल्याबसल्या पुढे ठेवलेले शेंगदाणे, लोणचे, मोहरीचा सॉस यांचेही पैसे लागू शकतात. नको असेल तर हात लावण्याआधी परत पाठवा. वर बहुतेक ठिकाणी 10 टक्के सेवाशुल्क. जुन्या दुकानांत कार्ड चालत नाही, रोकड जवळ असू द्या.

चहा मात्र मन लावून निवडा. तेलकट खाण्याबरोबर काळपट, मातकट चवीचा पो लेइ, हलके हवे तर जाईच्या फुलांचा हेउंग पिन, दोन्हींच्या मधले म्हणजे शेवंतीची फुले घातलेला पो लेइ. किटलीत पाणी संपले की झाकण तिरके करून ठेवायचे, हाक मारावी लागत नाही. कोणी कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलके टकटक करायचे, तो धन्यवाद.

प्रश्न: मिशेलिन तारा असलेल्याच ठिकाणी जावे का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मिशेलिन ही रेस्टॉरंटांना तारे देणारी मार्गदर्शिका दरवर्षी निघते, म्हणून तारा कोणत्या वर्षीचा आहे ते आधी बघा. फोर सीझन्स हॉटेलमधल्या लुंग किंग हीनला 2009 च्या आवृत्तीत तीन तारे मिळाले आणि असा मान मिळवणारे ते पहिले चिनी रेस्टॉरंट ठरले. 2023 मध्ये त्यांचे दोन झाले. तिथलेच आचारी माक क्वाय-पुई यांनी 2009 मध्ये मोंग कॉकमध्ये टिम हो वान काढले, वर्षभरात तारा मिळवला आणि भाजलेला, वरून कुरकुरीत गोड कवचाचा चार सिउ बाउ जगभर पोचवला. आज ती अनेक देशांतली साखळी आहे, तारा उरलेला नाही, पण तो बाउ खाण्यासारखा आहेच. तेवढ्यासाठी जा, बाकीच्या टोपल्या दुसरीकडे खा.

एकच खर्चिक जेवण करायचे असेल तर सेंट्रलच्या स्टॅनली स्ट्रीटवरचे लुक यू निवडा. 1933 मध्ये सुरू झालेले हे चहाघर लाकडी कोनाडे आणि रंगीत काचांसाठी जाण्यासारखे आहे. तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी 10 च्या आत पोचा, कारण दुपारची टेबले नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेली असतात. आणि विमानाच्या वेळेमुळे पहाटेच जाग येत असेल तर केनेडी टाउनमधले सुन हिंग अगदी पहाटे 3 ला उघडते. तिथला खारवलेल्या अंड्याच्या बलकाचा गरम बाउ फोडताना तो ताटलीवर धरा, आतले सारण पातळ असते आणि जीभ भाजते.